धावताना बँड हार्ट रेट १७० च्या वर दाखवतो, बसल्यावर मात्र बरोबर. नेमकं काय बिघडलंय?

तळजाईकर
नमस्कार मंडळी,

मी पुण्यात तळजाई टेकडीवर धावते. वय ४३. यंदा पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. आमच्या ग्रुपच्या सरांचा आग्रह असतो की आठवड्यातलं बहुतेक धावणं सावकाश करा, हार्ट रेट १४० च्या आत ठेवा. म्हणून मनगटावरच्या बँडकडे लक्ष द्यायला लागले आणि इथेच घोडं पेंड खातंय.

धावायला सुरुवात केली की पाच-सात मिनिटांत आकडा १७२-१७४ वर जातो आणि तिथेच चिकटून बसतो. त्या वेळी मी शेजारच्या मैत्रिणीशी मुलांच्या परीक्षांबद्दल अखंड बोलत असते, दम अजिबात लागलेला नसतो. पुढे चढावर चालत जावं लागतं, तिथे खरोखर धाप लागते, आणि तेव्हा आकडा उलट १३० च्या खाली येतो! ऑफिसात बसल्यावर ७०-७२, झोपेत ५८. हे सगळं ठीकच वाटतं.

बँड दोन वर्षांचा आहे. रीस्टार्ट केला, ॲप अपडेट केलं. ग्राहकसेवेला फोन लावला तर ते म्हणाले फॅक्टरी रीसेट करा. त्याने जुनी नोंद जाईल म्हणून थांबले आहे. सेन्सर गेलाय का? की डॉक्टरांना दाखवायला हवं? घरी सासूबाई रोज काळजीने विचारतात की आज किती झाले ठोके. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

गवतीचहा
पट्टा किती घट्ट बांधता? आणि मनगटाच्या हाडावर की त्याच्या वर?

तळजाईकर
साध्या घड्याळासारखा, हाडावरच. घाम साचू नये म्हणून जरा सैल ठेवते.

पायपीट
ताई, तुमचं वर्णन वाचून मला जवळजवळ खात्री वाटते की बँड तुमची पावलं मोजतोय आणि तोच आकडा ठोके म्हणून दाखवतोय. धावणाऱ्यांच्या गटांत याला केडन्स लॉक म्हणतात. केडन्स म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं. सावकाश धावणाऱ्या माणसाची पावलं मिनिटाला साधारण १५० ते १८० पडतात. प्रत्येक पावलागणिक हात हलतो, बँड त्वचेवर किंचित आपटतो आणि सेन्सरला ठराविक तालात बदलणारा सिग्नल मिळतो. ठोक्यांचा सिग्नल त्यापुढे क्षीण असतो. मग बँड जोरदार तालाच्या मागे जातो. चढावर तुम्ही चालायला लागता, पावलं १२०-१३० वर येतात, आणि आकडाही तिथेच येतो. तुमच्या गोष्टीत हे अगदी चपखल बसतंय.

खात्री करायची तर दोन गोष्टी करा. ॲपमध्ये त्या दिवसाची धाव उघडा. हार्ट रेटचा आलेख आणि केडन्सचा आलेख खाली-वर ठेवून बघा. दोन्ही रेषा हातात हात घालून चालल्या असतील तर चोर सापडला.

दुसरं म्हणजे बोटांनी नाडी. धावता धावता थांबा, तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याच्या बाजूला मनगटावर ठेवा आणि लगेच पंधरा सेकंद मोजून चाराने गुणा. पूर्ण मिनिट मोजत बसू नका, थांबल्यावर ठोके भराभर उतरतात. आणि अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याला स्वतःचा ठोका जाणवतो, गोंधळ होतो.

फॅक्टरी रीसेट आत्ता नकोच. आधी पट्टा.

गवतीचहा
पायपीट, +१. आणि हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या दिशेने. हाडावर बँड टेकला की दोन्ही बाजूंनी फट राहते, तिथून उजेड आत शिरतो.

डायोड
पेशाने इलेक्ट्रॉनिक्सवाला असल्याने आतलं थोडं सांगतो, म्हणजे पट्ट्याचं एवढं महत्त्व का ते कळेल.

बँडच्या पाठीला जे हिरवे दिवे लुकलुकतात ते त्वचेत प्रकाश सोडतात. शेजारी एक प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. रक्त हिरवा प्रकाश चांगलाच शोषतं. ठोका पडला की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत क्षणभर रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, मग पुन्हा वाढतो. या चढउतारावरून बँड ठोके काढतो. तत्त्व जुनंच आहे. आल्रिक हर्ट्झमन या शास्त्रज्ञाने १९३८ मध्येच प्रकाश वापरून त्वचेतला रक्तपुरवठा मोजण्यावर लिहिलं होतं. कोविडमध्ये घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर त्याच घराण्यातला. तो जपानच्या ताकुओ आओयागींच्या १९७४ च्या कामातून आला. तिथे लाल आणि अवरक्त प्रकाश बोटाच्या आरपार जातो.

आता अडचण अशी की परत येणाऱ्या प्रकाशातला फारच थोडा भाग ठोक्यामुळे बदलतो. बाकीचा त्वचेवरून जसाच्या तसा येतो. बँड मिलिमीटरभर सरकला तरी त्याने होणारा बदल ठोक्याच्या बदलापेक्षा मोठा असतो. बँडमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या मदतीने पावलांचा ताल वजा करायचा प्रयत्न होतो. पण ठोके आणि पावलं दोन्ही १५०-१६० च्या आसपास आले की कोणतं कोणाचं हे गणिताला ठरवता येत नाही. आणि पट्टा सैल असेल तर वजा करूनही कचरा उरतोच.

म्हणून बसल्यावर बरोबर, धावताना चूक. सेन्सर जळाला असता तर बसल्यावरही चुकला असता.

शंकासुर
मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. आपल्या आधीच्या पिढ्या आकडे न बघताच गड चढल्या. ताई मैत्रिणीशी बोलत धावताहेत, म्हणजे वेग सावकाश आहे, विषय संपला. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर सोपं, तुटक शब्द निघत असतील तर जोराचं. ही बोलण्याची कसोटी फुकट आहे आणि तिला चार्जिंग लागत नाही. आकडा बघून छातीत धडधड वाढवून घेण्यापेक्षा बँड काढून ठेवा.

पायपीट
शंकासुर, बोलण्याची कसोटी उत्तम आहे, मीही नवीन लोकांना तीच सांगतो. पण सगळ्यांना ती पुरत नाही. उन्हाळ्यात, आजारातून उठल्यावर, झोप कमी झाल्यावर माणूस उत्साहात बोलत राहतो आणि ठोके वर गेलेले असतात. वर्षभराची नोंद असली की आज काहीतरी वेगळं आहे हे कळतं. एप्रिलमध्ये त्याच रस्त्यावर त्याच वेगाला माझे ठोके डिसेंबरपेक्षा स्पष्ट जास्त असतात. मला ती माहिती हवी असते.

हिरवाचुडा
बांगड्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या असतात आणि त्या मी काढत नाही. चालायला जाताना बांगड्या खाली घसरून बँडवर आपटायच्या, बँड तिरका व्हायचा आणि आकडा मध्येच गायब. दुकानदार म्हणाला बांगड्या काढा. मी बँडची जागा बदलली. आता बांगड्या मनगटाशी आणि बँड त्यांच्या वर, कोपराच्या बाजूला, चार बोटांवर, नीट घट्ट. तिथे हात जाड म्हणून पट्ट्याचं पुढचं भोक वापरावं लागतं. आकडा आता तुटत नाही.

आणि एक. हाताला खोबरेल तेल किंवा सनस्क्रीन चोपडून लगेच बँड घालू नका. पाठीवर थर बसतो. मी रोज रात्री ओल्या सुती कापडाने पुसून कोरडा करते.

टिपरू
आम्हा ढोलवाल्यांचं दुखणं कोणालाच कळत नाही. पथकाचा सराव सुरू झाला की माझ्या बँडप्रमाणे मी तासाभरात मुठेच्या काठावरून थेट खडकवासल्याला चालत पोचलेलो असतो. उभा एका जागी, कमरेला ढोल, आणि पावलं हजारोंनी. ठोक्यांचं तर विचारूच नका. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताने थापी, दोन्ही मनगटं सतत फटके खाताहेत. ढोलताशाच्या गजरात शेजाऱ्याचं कुजबुजणं ऐकायला जावं तशी त्या बिचाऱ्या सेन्सरची गत.

यावर मला उपाय सापडलाय. दंडावर बांधायचा ऑप्टिकल पट्टा मिळतो, तो फोनला ब्लूटूथने जोडतो. दंड मनगटाइतका थडथडत नाही, तिथे मांस जास्त आणि हाड लांब. मिरवणुकीला तोच लावतो. ताशावाल्या मित्रालाही घ्यायला लावला, त्याच्या दोन्ही हातांत काड्या, मनगट क्षणभर स्वस्थ नसतं.

साखरझोप
टिपरूभाऊ, आमच्याकडे पोळ्या लाटतानाही पावलं वाढतात. रविवारी पुरणपोळ्या झाल्या त्या दिवशी माझं दहा हजारांचं ध्येय ओट्यापाशीच पूर्ण झालं. 😄

विषयाला धरून एक. मुलाने गंमत म्हणून बँड पाण्याच्या बाटलीला बांधला तर तिचा हार्ट रेट ८४ आला. मग यावर विश्वास कसा ठेवायचा?

डायोड
साखरझोप, बाटलीचा प्रयोग जगभर लोक करतात, केळ्यावर, टॉयलेट पेपरच्या गुंडाळीवर. बँडला समोर पृष्ठभाग दिसतो, थोडाफार प्रकाश बदलतो, बाहेरचा उजेड, टेबलाचं थरथरणं. गणित त्यात ताल शोधायचंच काम करतं, कारण समोर माणूस आहे हे गृहीत धरूनच ते लिहिलेलं आहे. चांगल्या उपकरणात सिग्नल खराब असेल तर आकडा न दाखवण्याची शिस्त असते. पण त्यावरून माणसाच्या हातावरचा आकडा खोटा ठरत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसावर हे बँड बऱ्यापैकी बरोबर असतात. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या गटाने २०१७ मध्ये ६० जणांवर सात उपकरणं तपासली होती. त्यातल्या सहांची हार्ट रेटमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र सगळ्यात बरं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. त्यामुळे आकड्यांवर राग काढायचाच असेल तर कॅलरीवर काढा.

साखरझोप
म्हणजे पुरणपोळीच्या कॅलरीही धरायच्या नाहीत. उत्तम.

उत्तरध्रुव
मिनियापोलिसहून लिहितोय. इकडे थंडीचा त्रास फार. बाहेर उणे दहा असताना त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, मनगटापाशी रक्तच कमी येतं, मग सेन्सरला दिसणार काय? पहिली दहा मिनिटं आकडा एकतर ९० वर अडकतो, नाहीतर थेट पावलांना जाऊन मिळतो.

मी घरातच पाच-दहा मिनिटं जागच्या जागी उड्या मारून अंग गरम करतो, बँड बाहीच्या आत घालतो आणि मगच बाहेर पडतो. ताई, तुमची धाव डिसेंबरची, पहाटेची आहे ना? पुण्यातही त्या वेळी १०-१२ अंश असतं. तळजाईच्या झाडीत आणखी गार. तुमचा त्रास थंडीत वाढलाय का ते बघा.

तळजाईकर
उत्तरध्रुव, हो! दिवाळीआधी इतका नव्हता. मी हे थंडीशी जोडलंच नव्हतं.

मधलीसुट्टी
जरा वेगळी तक्रार, पण याच धाग्यावर विचारते. माझा आकडा चुकीचा नाही, तो मध्येमध्ये नसतोच. दुपारी एक ते चार आलेख कोरा. धावताना सगळं ठीक.

डायोड
मधलीसुट्टी, तुमचा प्रश्न बहुधा सेटिंगचा. एकेक करून बघा. ॲपमध्ये हार्ट रेट किती मिनिटांनी मोजायचा ते ठरवता येतं. बॅटरी वाचावी म्हणून ते दर दहा किंवा तीस मिनिटांवर असू शकतं, ते एक मिनिटावर आणा. बॅटरी लवकर संपेल, तेवढं सोसायचं. व्यायाम सुरू केल्यावर बँड सतत मोजतो, म्हणून धावताना तुम्हाला खंड दिसत नाही.

दुसरं, फोनची बॅटरी वाचवण्याची सोय मागे चालणारी ॲप्स बंद करते. बँडच्या ॲपला त्यातून सूट द्या आणि आपोआप सुरू होण्याची परवानगी द्या. बँडमध्ये नोंद असेल तर ॲप उघडून सिंक केल्यावर कोरा भाग भरला जाईल. भरला गेला तर दोष फोनचा, नाही भरला तर बँडने मोजलंच नाही.

आणि दुपारी एक ते चार टायपिंग करत असाल तर मनगट टेबलाच्या कडेवर टेकतं का तेही बघा. बँडला तो हातावरून काढलाय असं वाटलं की तो मोजणं थांबवतो.

गवतीचहा
नवीन बँड घेतलेल्यांनी पाठीवरची पारदर्शक फिल्म काढली का तेही बघा. माझ्या भाच्याने काढली नव्हती. त्याला वाटलं ती ओरखड्यांपासून वाचवायला आहे.

निवृत्त
माझं वय ६६. माझी अडचण कोणाला उपयोगी पडेल म्हणून मांडतो. माझा बँड २२० वजा वय हे सूत्र लावून माझी कमाल १५४ धरतो. पर्वती चढताना १४० झाले की थरथरून इशारा देतो. मला मात्र छान वाटत असतं. त्यातून मी रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी घेतो. गोळी घेतल्यावर महिनाभर आकडा ११० च्या वर जाईना, मला वाटलं बँड बिघडला. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर काढून बोटाला लावला तर तोही तेच सांगत होता. मग डॉक्टरांनी समजावलं की गोळीचं कामच ते आहे. डोस बदलल्यापासून पुन्हा १४० दिसू लागलेत.

पायपीट
काका, तुमचा अनुभव फार मोलाचा आहे. २२० वजा वय हे १९७१ च्या आसपासचं ढोबळ सूत्र आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र मांडलं. त्याने तुमची कमाल १६२ च्या जवळ येते. तेही सरासरीच, माणसागणिक दहा-बारा इकडेतिकडे सहज होतं. आणि बीटा ब्लॉकर चालू असेल तर दोन्ही सूत्रं बाजूला ठेवायची. बऱ्याच ॲपमध्ये कमाल आकडा हाताने भरता येतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून तो भरा, इशारे आपोआप थांबतील.

नाडीपरीक्षा
मी फिजिशियन आहे. धागा सुरुवातीपासून वाचला. माहिती चांगली येतेय, तरी एका गोष्टीची काळजी वाटली म्हणून लिहितो. "बँडच चुकतोय" हे उत्तर फार लवकर देऊ नका. तळजाईकरांच्या बाबतीत पायपीट म्हणतात ते मलाही बरोबर वाटतं, कारण आकडा पावलांबरोबर चढतो-उतरतो आणि बसल्यावर सगळं सुरळीत आहे. पण उलटी उदाहरणं माझ्याकडे येतात.

एक, आकडा अचानक निम्मा दिसणं. काही लोकांत प्रत्येक दुसरा ठोका वेळेआधी आणि कमजोर पडतो. हृदय मिनिटाला ८० वेळा आकुंचन पावतं पण मनगटापर्यंत त्यातले ४० च नीट पोचतात. बँड ४० दाखवतो. ऑक्सिमीटरही ४० दाखवतो. दोघांचं तत्त्व एकच, त्यामुळे दुसऱ्याने दुजोरा दिला असं समजू नये. तिथे ईसीजीच हवा.

दोन, आकडा सतत उड्या मारणं. स्वस्थ बसलेल्या साठीच्या माणसाचा आकडा ७०, ११०, ६५, ९५ असा नाचत असेल तर पट्टा घट्ट करून पुन्हा बघा, आणि तरीही नाचत असेल तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, आहे का ते तपासून घ्या. त्यातून लकव्याचा धोका वाढतो, आणि त्यावर औषध आहे. अमेरिकेत २०१७-१८ मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात घड्याळ घालणारे ४ लाख १९ हजार लोक होते. अनियमिततेची सूचना साधारण अर्धा टक्का लोकांनाच आली. त्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजी पॅच लावून परत पाठवला त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत हा विकार सापडला. सूचना आली म्हणून घाबरू नका, आणि झटकूनही टाकू नका.

तीन, विश्रांतीचा आकडा आठवडेच्या आठवडे वर राहणं. प्रौढांत बसून ६० ते १०० सामान्य धरतात. तुमचा नेहमीचा ६८ असेल आणि आता कायम ८८ दिसत असेल तर ताप, अपुरी झोप, थायरॉइड, आणि विशेषतः बायकांत हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. पाय जड वाटतात, जिना चढताना धडधडतं, आणि बाई म्हणते बँड खराब आहे. साधी रक्ततपासणी करून घ्या.

आणि छातीत दुखणं, चक्कर, घेरी, बसल्या जागी धाप यातलं काहीही असेल तर आकडा काहीही असो, थेट रुग्णालयात.

हिरवाचुडा
डॉक्टर, हिमोग्लोबिनचं वाचून बहिणीला लगेच फोन केला. तिचं गेले दोन महिने हेच चाललंय, आणि ती बँड बदलायला निघाली होती. उद्या तपासणीला जातेय.

शंकासुर
डॉक्टरांची पोस्ट पटली. विश्रांतीचा आकडा रोज सकाळी बघायला माझी हरकत नाही. धावताना बघू नका हे माझं म्हणणं कायम आहे. टेकडीवर मोर दिसतात, ते बघा.

टिपरू
शंकासुर, मोर बघून ठोके वाढतात त्याचं काय? 😊

शंकासुर
ते वाढू द्यावेत.

कोकणरेल
छातीच्या पट्ट्याबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा ना. तो खरंच इतका चांगला असतो का? किंमत बँडपेक्षा जास्त दिसतेय.

पायपीट
कोकणरेल, छातीचा पट्टा प्रकाश वापरत नाही, हृदयाचे विद्युत सिग्नल टिपतो, त्यामुळे पावलांचा गोंधळ नाही आणि वेग बदलला की आकडाही लगेच बदलतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये पहिला बिनतारी हार्ट रेट मॉनिटर बाजारात आणला, तेव्हापासून खेळाडूंचं मोजमाप बहुतेक याच पद्धतीने चालत आलंय.

पण त्याचेही नखरे आहेत. बांधण्याआधी आतले दोन पॅड पाण्याने ओले करावे लागतात. कोरडे लावले तर पहिली काही मिनिटं आकडा वेड्यासारखा उडतो, घाम आला की ताळ्यावर येतो. थंडीच्या कोरड्या हवेत सिंथेटिक टीशर्ट फडफडला की स्थिर विजेमुळे अचानक २०० च्या वर टोक दिसतं. पट्टा धुवावा लागतो, नाहीतर घामाचं मीठ बसून वर्षभरात कामातून जातो. बटणाचा सेल बदलावा लागतो. धावून झाल्यावर मधला डबा पट्ट्यापासून सोडवून ठेवायचा, नाहीतर ओल्या पट्ट्यामुळे तो चालूच राहतो.

घेण्याआधी तुमचं घड्याळ बाहेरचा पट्टा जोडून घेतं का ते तपासा. स्वस्त बँड बहुतेक घेत नाहीत. मग फोन बरोबर न्यावा लागतो.

गवतीचहा
जिमवाल्यांसाठीही पुस्ती. वजन उचलताना मूठ आवळली की मनगटाचे स्नायू आणि शिरा ताणल्या जातात, बँड खालून उचलला जातो. जोर काढताना मनगट मागे वाकतं, तेच होतं. डेडलिफ्टला ८० दाखवणारा बँड मी पाहिलाय. सूर्यनमस्कारातही जमिनीवर हात टेकल्यावर तसंच. तिथे दंडाचा किंवा छातीचा पट्टा, नाहीतर सेट संपल्यावर हात मोकळा सोडून बघा.

तळजाईकर
मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलंत ते सगळं करून बघितलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी जुन्या धावांचे आलेख उघडले. पायपीट, तुम्ही म्हणालात तसंच. केडन्स १७२, हार्ट रेट १७२. मध्ये बुटाची नाडी बांधायला थांबले होते तिथे दोन्ही रेषा एकदम पडल्या. पुन्हा पळायला लागले तर हार्ट रेट पावलांबरोबर सरळ वर. खरे ठोके असे एका झटक्यात चढत नाहीत ना.

मग बँड हाडाच्या दोन बोटं वर सरकवला, एक भोक घट्ट केला, त्वचेवर सरकणार नाही पण बोटं मुंग्यांनी भरणार नाहीत इतपत. पाठ ओल्या कापडाने पुसली. घरातच दहा मिनिटं अंग गरम केलं आणि वर पूर्ण बाहीचा टीशर्ट. पहिल्याच दिवशी १३४ ते १४२! थांबून बोटांनी मोजलं तर चाराने गुणून १३६ आले. चढावर आता १६० च्या पुढे जातो, आणि तिथे खरोखर धाप असते.

एकदाच मध्ये पुन्हा १७० ला चिकटला. तेव्हा थांबले, बँड जरा फिरवला, अर्धं मिनिट चालले आणि पुन्हा पळायला लागले. सुटला.

राहिलेली अडचण एकच. बुधवारी आम्ही चारशे मीटर जोरात, दोनशे सावकाश असं करतो. तिथे आकडा अजून मागे राहतो. जोराचा टप्पा संपून मी चालायला लागते तेव्हा कुठे तो वर चढतो.

नाडीपरीक्षांनी सांगितलेली रक्ततपासणीही करून घेतली. हिमोग्लोबिन ११.२ आलं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. सासूबाईंनी माझ्यासाठी अळिवाचे लाडू केलेत आणि आता त्यांनाही नाडी मोजता येते.

डायोड
फार छान! बुधवारचं उत्तर: बँड शेवटच्या काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतो, म्हणून तो मागे राहतो. शिवाय हृदयालाही चढायला वेळ लागतोच. दीड-दोन मिनिटांच्या टप्प्यांत मनगटाचा आकडा वापरू नका. वेग आणि दमणूक बघून करा, तिथे शंकासुरांचंच ऐका. फारच हौस असेल तर छातीचा पट्टा.

नाडीपरीक्षा
११.२ म्हणजे सौम्य रक्तक्षय. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नका, तासभर अंतर ठेवा. लिंबूपाणी चालेल. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी पुन्हा तपासा. तोवर बुधवारचा जोर जरा कमी ठेवलात तर बरं.

नदीकाठ
उशिरा आलो. पोहताना काय करायचं? आमच्या तलावात माझा बँड एका फेरीत १३० दाखवतो, पुढच्या फेरीत ७०.

पायपीट
नदीकाठ, पाण्यात मनगट सगळ्यात अवघड. बँड आणि त्वचा यांच्यामध्ये पाणी शिरतं, हात प्रत्येक झपक्याला पाणी कापतो, शिवाय गार पाण्याने रक्तवाहिन्या आक्रसतात. ब्लूटूथ पाण्यातून जेमतेम काही सेंटिमीटर जातं, म्हणून छातीचा पट्टा घड्याळाला थेट आकडा देऊ शकत नाही. काही पट्टे नोंद स्वतःकडे साठवतात आणि बाहेर आल्यावर फोनला देतात, तसला बघा. कानशिलापाशी गॉगलच्या पट्ट्याला अडकवायचे ऑप्टिकल सेन्सरही मिळतात, तिथे हालचाल कमी. यातलं काही घ्यायचं नसेल तर फेरी संपल्यावर काठाला धरून मानेवरची नाडी दहा सेकंद मोजा, सहाने गुणा. मानेवर जोराने दाबू नका आणि दोन्ही बाजू एकदम तर मुळीच नाही.

नदीकाठ
धन्यवाद. काठावरच्या भिंतीवर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ आहेच, उद्यापासून तेच.